स्वयंसेवी संस्था व कायदा (महाराष्ट्र)

शासनाबाहेर राहून आणि नफा वाटून न घेता लोकोपयोगी काम करणाऱ्या संस्थांवरील कायदेशीर नियंत्रणाची व्यवस्था. अशा संस्थांसाठी भारतात एकच कायदा नाही. सात जण एकत्र येऊन १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली सोसायटी काढू शकतात. न्यास किंवा कंपनी अधिनियमाच्या कलम ८ खालील कंपनी, हे दुसरे मार्ग.

महाराष्ट्रात सोसायटीला आणखी एक नोंदणी करावी लागते, ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर सहसा दोन क्रमांक असतात. त्यांतला ‘एफ’ने सुरू होणारा न्यास नोंदणीचा. हिशेब, लेखापरीक्षण आणि मालमत्ता यांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. त्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही. मात्र या अधिकारालाही मर्यादा आहे. रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली.

रोजच्या कारभारात कायदा भेटतो तो ‘चेंज रिपोर्ट’च्या रूपाने. विश्वस्त वारला, राजीनामा दिला वा नवी कार्यकारिणी निवडून आली, की ९० दिवसांत बदल कळवायचा; सोबत सभेची नोटीस, ठराव, संमतिपत्रे. दोन गट भांडू लागले की एकमेकांच्या चेंज रिपोर्टला हरकत घेतात आणि खरी कार्यकारिणी कोणती, याचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळतो.

धर्मादाय रुग्णालयांवर कलम ४१अअ नुसार वेगळे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते.

परदेशी देणग्यांचा विषय केंद्राकडे आहे. आणीबाणीत, १९७६ साली, पहिला विदेशी अंशदान विनियमन कायदा झाला; त्याची जागा २०१०च्या कायद्याने घेतली. २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद केले. गडचिरोलीत काम करणाऱ्या संस्थेलाही अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. पदाधिकाऱ्यांना आधारऐवजी भारतीय पासपोर्ट देण्याची मुभा तेवढी दिली.