किनारा डाव्या हाताला

ऑक्टोबर १९३५च्या अखेरीस टाटांचं एक चिमुकलं विमान मुंबईहून त्रावणकोरला निघालं. चालवत होता नेव्हिल व्हिन्सेंट. टपालात त्रावणकोरच्या महाराजांसाठी व्हाइसरॉय विलिंग्डनच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. गोवा आणि कण्णूर हे या मार्गावरचे थांबे. कोकणात थांबा नव्हता, पण या वाटेवरचा बराचसा किनारा कोकणाचाच.

विमान फॉक्स मॉथ जातीचं, लाकूड आणि कापडाचं. त्याची बैठक मोठी मजेशीर होती. तीन-चार उतारू पुढच्या बंद खोलीत आणि वैमानिक त्यांच्या मागे, उंचावर, उघड्या वाऱ्यात! म्हणजे पैसे मोजणारा कोरडा आणि चालवणारा ओलाचिंब. नाकाडात सुमारे १३० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन, चार सिलिंडरांचं, हवेवर थंड होणारं. जिप्सीतून तेल गळायचं थांबलं तर आनंद मानू नये, टाकी संपली समजावं, असा विनोद वैमानिकांत अजून चालतो.

विमानात रेडिओ नाही, जमिनीवरून मार्गदर्शन नाही. नकाशा, होकायंत्र आणि डोळे, एवढीच सामग्री. कोकणासारखी सोपी वाट मात्र दुसरी नसेल: दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला धरायचा आणि खुणा मोजायच्या. विजयदुर्ग, देवगडचा किल्ला आणि १९१५चं दीपगृह, मग थेट पुळणीला टेकलेलं कुणकेश्वराचं देऊळ, आचऱ्याची खाडी आणि पुढे समुद्रात बसलेला सिंधुदुर्ग. कुणकेश्वराची दंतकथाही वाट चुकलेल्याचीच आहे. वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, तो वाचला आणि त्याने देऊळ बांधलं, असं सांगतात. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला.

टाटांच्या या हवाई टपालाच्या धंद्याची सुरुवात तीनच वर्षं आधीची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथमधून कराचीचं टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, आणि तिथून पुढे बेल्लारी-मद्रासकडे नेलं ते व्हिन्सेंटनेच. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मिस्त्री असं सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावर हलायचं. कोकणच्या आगबोटीही पावसाळ्यात बंद. या किनाऱ्यापुढे बोट काय आणि विमान काय, मृगाने दोघांनाही एकाच रांगेत बसवलं.

नियमित प्रवासी विमान सिंधुदुर्ग जिल्ह्यात उतरायला २०२१ उजाडावं लागलं. ९ ऑक्टोबरला परुळ्याजवळच्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून एटीआर आलं. सत्तरेक आसनांचं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. आजच्या हिशेबाने छोटंच.

खाण्यापिण्याचा विषय निघाला की वैमानिकांच्या गप्पा हमखास त्या जुन्या मार्गावरच्या थांब्याकडे, गोव्याकडे वळतात. मुंबई प्रांतात १९४९चा दारूबंदी कायदा आला, पण पोर्तुगीज गोव्यात काजूच्या भट्ट्या पेटत्याच होत्या. गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणीच्या आधीच्या धारेचं हुर्राक मात्र उन्हाळ्यापुरतंच. त्याचं कॉकटेल कुठल्या बारमनने शोधलेलं नाही: लिंबाचा सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. परदेशी मद्यांची नक्कल करणाऱ्या महागड्या पेल्यांपेक्षा ते शंभर पटीने प्रामाणिक आहे.

अडचण एकच. भारतीय नियमांनुसार उड्डाणाआधीचे बारा तास वैमानिकाला मद्य वर्ज्य, शिवाय श्वासचाचणी. संध्याकाळी हुर्राक घेतलेल्याला पहाटेचं विमान हाती धरता येत नाही. मालवणात सुरमईच्या ताटाबरोबर येणाऱ्या सोलकढीला मात्र कसलीच अट नाही. वाटी रिकामी झाली की वाढपी न विचारताच पुन्हा भरतो.