दातेरी चाक आणि दुरुस्तीची मजुरी

महाडात इतिहासावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो, नाही तर १९२७ सालचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती अंगठ्याच्या नखावर मावते. जुन्या टेपरेकॉर्डरच्या पोटातले प्लास्टिकचे दातेरी चाक, तीच ही वस्तू. आम्ही काही पंडित नाही; आमचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले. तेव्हा या चाकाकडेही आम्ही कामगाराच्या नजरेनेच पाहणार, हे आधीच कबूल केलेले बरे.

पूर्वी दातेरी चाक पितळेचे वा पोलादाचे असे. त्याचे दाते यंत्रावर कापावे लागत. त्याला कसबी कारागीर लागे आणि पुढे नियमाने तेलपाणी लागे. १९३५ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले; १९६० च्या सुमारास अ‍ॅसिटल नावाचे ताठ व गुळगुळीत प्लास्टिक बाजारात आले. वितळलेला रस साच्यात दाबला की सगळे दाते एकदम तयार! चाक स्वस्त झाले, हलके झाले, आवाज न करता फिरू लागले. दाते कापणारा कारागीर मात्र त्या हिशेबातून उठला. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे असली चाके घराघरांत शिरली.

आमच्या भागात ती आली मुंबईच्या वाटेने. महाड-पोलादपूरची माणसे गिरण्यांत होती. पुढे कित्येक आखातात गेली. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या हाती ट्रंकेबरोबर 'टू-इन-वन' दिसू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पोलादपूर तालुक्यातील आमच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी त्या काळातली एक गेटसभा कॅसेटवर उतरवून ठेवली होती. संपाची कारणे आणि आकडे ग्रंथांत सापडतात. पण गेटवर उभ्या असलेल्या साध्या कामगाराचा आवाज सापडायचा तर असल्या कॅसेटमध्येच. कॅसेट गावच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात राहिली. टेपरेकॉर्डर महाडच्या खोलीत होता.

२२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा वेळी यंत्राचे दुःख कोण करणार? ते दिवाळीनंतर आठवले. चिखल धुऊन, वाळवून पाहिले तर मोटर फिरली, परंतु फीत गुंडाळली जाईना. ती बाहेर येऊन गुंतू लागली.

शहरातल्या एका वयस्क कारागिराने यंत्र उघडले. फीत ओढणाऱ्या चाकाला तडा गेला होता. "पुरानं नाही गेलं हे," तो म्हणाला, "आधीच गेलं होतं." चाक लोखंडी दांडीवर घट्ट ठोकलेले, वर्षानुवर्षांत प्लास्टिक आक्रसते, लोखंड आक्रसत नाही. हा ताण शेवटी दोन दात्यांमधल्या खाचेत, जिथे जाडी सर्वांत कमी, तिथे फुटतो. तडा उघडला की त्या दोन दात्यांतले अंतर वाढते आणि चाक दर फेऱ्याला तिथेच अडते.

गोंद लावून भागेल, असे आम्हांला वाटले. पण या गुळगुळीत प्लास्टिकला गोंद नीट धरत नाही, आणि आतला ताण तर तसाच राहतो. त्याने पॉलिशपेपरची बारीक सुरळी करून चाकाचे भोक किंचित मोठे केले. तडा आपोआप मिटला. मग चाकाच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचे वेढे आवळले, आणि दांडी खरवडून त्यावर इपॉक्सीने चाक बसवले. चाक दुरुस्तीपलीकडे गेले असते तर? त्याचेही गणित त्याच्या बोटांवर होते. दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि बाहेरच्या व्यासाला त्या बेरजेने भागायचे. २२ दाते आणि १२ मिलिमीटर व्यास असेल, तर १२ भागिले २४, म्हणजे अर्धा. भंगारातल्या ज्या चाकाचे दाते तितकेच आणि हा भागाकार तोच, ते चालते. भोक तेवढे जुळवून घ्यायचे.

कॅसेट वाजली. घोषणांच्या आधी एक आवाज विचारत होता, "चालू झाला काय रे?" आमचा सहकारी खाली मान घालून बसला. तो त्याच्या वडिलांचा आवाज होता.

कारागिराने तीनशे रुपये सांगितले. आमच्या तोंडून निघून गेले, "अहो, एवढ्याशा चाकाचे तीनशे?"

"चाकाचं काही घेतलं नाही, भाऊ. दोन दुपारी बसलो, त्याचे आहेत."

श्रोतेहो, आयुष्यभर मजुरीसाठी भांडलेल्या आम्हांला त्या दिवशी मान वर करवेना. आम्ही पैसे दिले. पण पैसे दिल्याने बोललेला शब्द परत येत नाही. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी, हे न्याय्यच आहे. तथापि दुरुस्त करणारा हातच उरला नाही तर तो हक्क घेऊन जायचे कोणाकडे? दाते कापणाऱ्याला साच्याने घालवले. दुरुस्त करणारा गेला, तर तो आपल्या घासाघिशीने जाईल.