आदितवारची उपासना आणि घाटाखालचा मुलूख

मुंबईचा प्रार्थनासमाज आणि पुण्याचा प्रार्थनासमाज यांच्यामध्ये बोरघाट होता. मुंबईचा समाज ३१ मार्च १८६७ रोजी निघाला, पुण्याचा १८७० मध्ये. घाट रेल्वेने चढता येऊ लागला तो त्याआधी थोडीच वर्षे, १८६३ मध्ये. तोवर मुंबईकराला पुणे गाठायचे म्हणजे खटाटोप होता. १८५६ साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. तिथे उतरायचे, नाना फडणविसांनी बांधलेल्या तळ्याकाठी हातपाय धुवायचे, पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला होता. मधला घाट तेवढा उरला होता.

तो घाट फोडायला हजारो मजूर लागले. पंचवीस बोगदे पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे करून घेतले. पटकी आणि तापाने मेलेल्या मजुरांची नावे मात्र कुठे लिहिलेली नाहीत. लोहमार्ग घाट चढून गेला तशी खोपोलीची वर्दळ ओसरली आणि कर्जत हे घाटपायथ्याचे ठाणे झाले. गाडीला मागून जोर द्यायला इंजिन लागते तोवर प्रवाशाने कर्जतला थांबायचे, ही रीत पडली ती तेव्हापासून.

या गाड्यांतून जी माणसे खालीवर करत, त्यांत एक छोटी, शिकलेली, बरीचशी सरकारी नोकरीतली मंडळी होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्याला बदलून गेले आणि १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईला परतले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोन्ही शहरांत शिकवत राहिले. दोघेही समाजाच्या व्यासपीठावरून उपदेश करत. आज पुरोगामी म्हणावा असा, शहरी, आठवड्याच्या ठरल्या वारी एकत्र बसणारा धर्मसमुदाय मराठी मुलखात पहिल्यांदा टिकून राहिला तो यांचाच.

त्याआधीचा प्रयत्न टिकला नव्हता. दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी १८४९ च्या सुमारास परमहंस सभा काढली होती. ती गुप्त होती. सभासद व्हायचे तर खालच्या मानलेल्या जातीच्या किंवा परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन पाणी प्यायचे, म्हणजे जात मोडल्याचा पुरावा द्यायचा. पण हे सारे दाराआड. सभासदांची यादी बाहेर फुटली आणि भीतीनेच सभा विरून गेली. बंगालच्या ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन १८६४ आणि १८६७ मध्ये मुंबईला येऊन गेले, तेव्हा दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी नव्या समाजाची बैठक बसली. हे डॉक्टर पुढे मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांतही होते. मुंबईत तेव्हा सगळ्या चळवळींना माणसे तीच तीच असत.

नव्या समाजाने धडा घेतला तो असा: लपायचे नाही आणि फार ताणायचेही नाही. देव एक, तो निराकार, मूर्तिपूजा नको, अवतार नाहीत, कोणताही ग्रंथ चुकीच्या पलीकडचा नाही. मात्र जात सोडाच, जानवे काढाच, अशी बंगालच्या ब्राह्मोंसारखी अट नाही. या मवाळपणाची थट्टा तेव्हाही झाली. पण समाज टिकला तो बराचसा त्यामुळेच.

आणि टिकला तो वारामुळे. १८७४ मध्ये गिरगावात स्वतःचे मंदिर झाले. मंदिर म्हणायचे, पण आत मूर्ती नाही. बाके, व्यासपीठ, पेटी आणि समोर बसलेले लोक. रविवारी संध्याकाळी उपासना. आधी उद्बोधन, मग प्रार्थना, मधूनमधून पदे, मग आचार्याचा उपदेश आणि शेवटी आरती, तीही निराकाराची. मांडणी चर्चची आणि शब्द तुकारामाचे, असे टीकाकार म्हणत. त्यात तथ्य होते आणि समाजाला त्याचा संकोच वाटायचे कारणही नव्हते. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी संपादलेली तुकारामाची गाथा १८६९ मध्ये सरकारी मदतीने छापून निघाली, तेव्हा ती या मंडळींच्या हाती उपासनेचे पुस्तक म्हणूनच आली. रानडे तर समाजाला भागवत धर्माचीच पुढची पायरी समजत.

१८७२ मध्ये कलकत्त्याहून ब्राह्मो प्रचारक प्रतापचंद्र मुजुमदार येऊन काही महिने राहिले आणि रविवारच्या तासाभोवती सबंध आठवडा बांधला गेला. कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या. १८७३ मध्ये ‘सुबोधपत्रिका’ हे साप्ताहिक निघाले. गेल्या रविवारच्या उपदेशाचे सार आणि समाजाच्या कामांचे वृत्त त्यातून बाहेरगावच्या हितचिंतकाला टपालाने घरी मिळू लागले. मंदिरात न येताही मंडळीत राहता येण्याची ही सोय होती. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा आर्य महिला समाज उभा करायला याच घरांतल्या बायका आणि पुरुष पुढे झाले. घरची बाई बाहेर सभेला जाऊन बसते, एवढ्यावरूनही वाड्यात आठवडाभर बोलणी बसत. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत ते सारे वाचायला मिळते.

सगळ्यात टिकाऊ काम मुंबईबाहेर झाले. पंढरपुरात न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. यात्रेच्या गावात विधवांवर काय प्रसंग येतात आणि त्यांच्या मुलांचे काय होते, हे न्यायाधीशाइतके कोणाला ठाऊक असणार? विठ्ठलाची मूर्ती न मानणाऱ्यांनी विठ्ठलाच्या गावात बाळे वाचवली.

या मंडळीचा कमजोर धागाही सांगितला पाहिजे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी नावे छापून आणली. रानड्यांचे आणि टिळकांचेही नाव यादीत होते. प्रकरण ग्रामण्यापर्यंत, म्हणजे जातीबाहेर टाकण्याच्या वादापर्यंत, गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी घरच्यांच्या आणि मित्रांच्या अडचणीपोटी प्रायश्चित्त घेतले. रविवारी जे बोलायचे ते सोमवारी वाड्यात पेलत नव्हते. रानड्यांना दुबळे म्हणणे सोपे आहे. पण ज्याची मुलगी लग्नाची आहे आणि ज्याच्या दारी भटजी यायचे थांबतील, त्याला मंदिरातल्या बाकावरचा तास फार आधार देत नाही, हे त्या प्रायश्चित्तातून दिसते.

आता घाटाखाली पाहू. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा कर्जतचा पेटा. या मुलखाला ठरल्या दिवशी जमणारी धर्ममंडळी नवी नव्हती. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीचे चैत्यगृह, शेजारी विहार. कण्हाचा शिष्य बलक याने काम केले, असा लेख तिथल्या दगडात आहे. बौद्ध भिक्षूंनी अमावास्येला आणि पौर्णिमेला एकत्र बसून नियमांचे पठण करायचे, चुका कबूल करायच्या, हा उपोसथाचा परिपाठ. दोन हजार वर्षांपूर्वी कोकण आणि देश यांच्यामधल्या व्यापारी वाटेवर ही मंडळी होती. फक्त तिचे घड्याळ चंद्र होते.

पुढेही तेच राहिले. खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाचे देऊळ कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ मध्ये बांधले. तिथे गर्दी होते ती चतुर्थीला. तिथला नंदादीप १८९२ पासून तेवतो आहे, असे सांगतात. म्हणजे घाटावर रानडे चहाचे प्रायश्चित्त घेत होते, त्याच साली घाटाखाली ही वात लागली. महडला भक्ताला गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येते, ही त्या देवळाची ख्याती. वारकऱ्याची एकादशी, गणपतीची चतुर्थी, ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाडीवरचा वाघदेव, यांतले काहीच रविवारचे नाही. कातकरी दिवाळीनंतर कोळशाच्या भट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडाला परतायचा. त्याचा आठवडा सावकार ठरवायचा.

कर्जत तालुक्यात रविवार आधी आला तो डोंगरावर. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरान चढून गेले, मग साहेबांचे बंगले झाले आणि सेंट पॉलचे चर्च उभे राहिले. खालच्या गावांतल्या लोकांना रविवार म्हणजे साहेबांच्या पालख्या वाहण्याचा दिवस.

रविवार हा कारकुनाचा, वकिलाचा, मास्तराचा वार होता. मुंबईच्या गिरणी कामगारालाही तो सहज मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून जून १८९० मध्ये गिरणीमालकांकडून आठवड्याची सुट्टी कबूल करून घेतली. म्हणजे समाजाच्या रात्रशाळेत शिकायला येणाऱ्या कामकऱ्याला, त्याच समाजाच्या उपासनेला यायला लागणारा मोकळा दिवस सतरा-अठरा वर्षे नव्हताच. समाज बहुजनांत का पोचला नाही याची तात्त्विक कारणे पुष्कळ दिली गेली आहेत. हे साधे कारण कमी लोक सांगतात.

ते ओळखणारा एक माणूस समाजाला मिळाला. विठ्ठल रामजी शिंदे, जमखंडीचे. युनिटेरियन मंडळीच्या मदतीने ते १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि १९०३ मध्ये, परतण्यापूर्वी, अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचून आले. मुंबई समाजाचे प्रचारक झाल्यावर गिरगावात त्यांनी विलायतेत पाहिलेले सारे उपक्रम लावले: मुलांसाठी रविवारची शाळा, दूरच्या माणसांना धर्मविषयक वाचन पाठवणारे टपाल मिशन, तरुणांचा संघ, शाखांचे दौरे. नुसते वेळापत्रक पाहिले तर लंडनच्या एखाद्या उदारमतवादी चर्चचे वाटावे. पण १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी परळला, ग्लोब मिलजवळच्या बंगल्यात, अस्पृश्यांसाठी शाळा उघडून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी सुरू केली. समाजाचे अध्यक्ष सर नारायणराव चंदावरकर तिचेही अध्यक्ष झाले. आता मंडळीच माणसांच्या वस्तीत जाऊन बसली. चारच वर्षांनी, १९१० मध्ये, शिंदे समाजाच्या नोकरीतून बाहेर पडले. मंदिराला प्रचारक हवा होता आणि प्रचारकाला आता वस्ती हवी होती.

ती वस्ती कर्जतच्या डोंगरापर्यंत गेली नाही. समाजाच्या ठळक शाखा पुणे, अहमदाबाद, सातारा अशा कचेऱ्यांच्या गावी राहिल्या. गाड्या कर्जतला थांबत होत्या, माणसे उतरत नव्हती. कर्जत-नेरळच्या खेड्यांत शाळा आणि धान्याच्या कोठ्या काढल्या त्या माथेरानच्या नाभिक घरात १९१२ मध्ये जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी. शिकून वकील झालेला हा माणूस सावकाराच्या व्याजातून आदिवासी आणि कुळे सोडवायला निघाला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर सहकारी हिराजी पाटलांसह गोळीला बळी पडला. बरोबर एक वर्षाने, २ जानेवारी १९४४ ला, शिंदे वारले. दोघांच्या कामाचा मजकूर जवळपास एकच होता: शाळा, धान्य, माणुसकी. कोतवालांना त्यासाठी आठवड्याची उपासना लागली नाही. शिंद्यांना ती शेवटपर्यंत लागली.

प्रार्थनासमाज ही चळवळ होती, असे शालेय पुस्तकांत लिहिलेले असते. तो शब्द मोठा आहे. ती एक मंडळी होती, थोड्या सभासदांची, नेमाने जमणारी, वर्गणी भरणारी, वृत्त छापणारी. घाटाखालच्या माणसाला तिने दार लावले नव्हते, पण त्याच्या वाराला आणि वाटेला ती आलीही नाही. मात्र नेमाने जमणाऱ्या थोड्या लोकांच्या हातून जे होते ते तिने केले. गिरगावात त्या चौकाला आजही प्रार्थनासमाज म्हणतात, मंदिर जागेवर आहे, समाजाची राममोहन शाळा त्याच परिसरात आहे, आणि पंढरपूरचा बालकाश्रम नवरंगे यांच्या नावाने अजून मुले सांभाळतो.