एकविसावी रेघ

क्लोज्ड कॅप्शन म्हणजे कार्यक्रमातला आवाज अक्षरांत उतरवून चित्राबरोबर पाठवलेला, पण प्रेक्षकाने मागितला तरच पडद्यावर दिसणारा मजकूर. प्रेक्षकाला ऐकू येते, फक्त भाषा समजत नाही, असे सबटायटल धरून चालते. कॅप्शन धरून चालते ते याच्या उलट. म्हणून त्यात संवादांखेरीज कोण बोलत आहे, दार कधी आपटले, फोन कधी वाजला हेही लिहिलेले असते. सगळ्यांना सक्तीने दिसणाऱ्या मजकुराला ओपन कॅप्शन म्हणतात. दूरचित्रवाणीवर कॅप्शन आधी ओपनच होती. ती झाकली गेली ती ऐकू येणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून.

मूकपटांच्या काळात असा भेद नव्हता. दृश्यांमध्ये येणाऱ्या अक्षरपाट्या सगळेच वाचत, त्यामुळे चित्रपटगृहात कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने बसे. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या पडद्यावरून पाट्या गेल्या. भारतात हाच बदल १९३१ च्या ‘आलम आरा’ने आणि मराठीत १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ने घडवला. बोलपटांचे स्वागत सगळीकडे धूमधडाक्यात झाले. एक प्रेक्षकवर्ग बाहेर पडला याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

दखल घेणाऱ्यांत एमर्सन रोमेरो होता. हवानात जन्मलेला हा कर्णबधिर नट ‘टॉमी आल्बर्ट’ या नावाने अमेरिकी मूकपटांत कामे करी. १९४७ मध्ये त्याने बोलपटांच्या प्रती मिळवल्या, फिल्म कापून संवादांच्या पाट्या मधे जोडल्या आणि त्या प्रती कर्णबधिरांच्या शाळा व मंडळांना दाखवायला दिल्या. पाटी आली की चित्र थांबे, आवाज तुटे आणि चित्रपट लांबे. त्यानंतर काही वर्षांतच हार्टफर्डच्या ‘अमेरिकन स्कूल फॉर द डेफ’चे अधीक्षक एडमंड बोटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्राच्या खालच्या भागातच अक्षरे उमटवलेल्या प्रतींचा संग्रह सुरू केला. १९५८ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने या कामाला संघराज्य सरकारचा कायदा आणि पैसा मिळाला.

तोवर लोक चित्रपटगृहातून उठून दूरचित्रवाणी संचासमोर बसले होते. चित्रपटाची वेगळी प्रत काढून वेगळ्या खेळाला लावता येते, पण प्रक्षेपण सगळ्या घरांत एकच जाते. त्यात अक्षरे घातली की ती सगळ्यांना दिसणार. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक केंद्राने तरीही ते करून पाहिले. ५ ऑगस्ट १९७२ रोजी ज्युलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ हा पाककृतींचा कार्यक्रम ओपन कॅप्शनसह देशभर दाखवला गेला. कर्णबधिर अमेरिकनांना पूर्ण समजलेला देशव्यापी कार्यक्रम हा पहिलाच. डिसेंबर १९७३ पासून याच केंद्रातली मंडळी एबीसी या वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांना कॅप्शन घालू लागली. बातमीपत्र ध्वनिचित्रमुद्रित करायचे, मजकूर लिहायचा, चित्रावर बसवायचा आणि मूळ प्रक्षेपणानंतर सुमारे पाच तासांनी, रात्री उशिरा पुन्हा दाखवायचे. बातमी शिळी होई, पण पोहोचे.

मोठ्या व्यापारी वाहिन्या मात्र चित्राखालच्या कायमच्या पट्टीला तयार नव्हत्या. बहुसंख्य प्रेक्षक वैतागतील, असे त्यांचे म्हणणे होते. यावर तोडगा सापडला तो भलत्याच कामातून. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेला (नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स) दूरचित्रवाणीच्या लहरींवरून देशभर अचूक वेळ पाठवायची होती. सिग्नलमध्ये चित्राला न लागणारी थोडी जागा असते, तिथे वेळेचे आकडे बसवण्याचा प्रयोग १९७० च्या सुमारास एबीसीच्या मदतीने चालला होता. वेळेची योजना रुजली नाही. पण जिथे आकडे जातात तिथे अक्षरेही जातील, हे एबीसीच्या लोकांच्या ध्यानात आले. १९७१ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल येथे श्रवणदोष असलेल्यांसाठीच्या दूरचित्रवाणीवर परिषद भरली आणि तिथे या दिशेची प्रात्यक्षिके झाली. १५ फेब्रुवारी १९७२ रोजी वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात ‘द मॉड स्क्वॉड’ या मालिकेचा भाग सिग्नलमध्ये दडवलेल्या कॅप्शनसह दाखवण्यात आला. साध्या संचावर ती दिसत नसत, विशेष उपकरण जोडलेल्या संचावर दिसत.

ही जागा नेमकी कोणती, हे समजायला जुन्या काचनळीच्या संचाकडे जावे लागते. अमेरिकी पद्धतीत एक चित्र ५२५ आडव्या रेघांचे. इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली रेघा ओढत येतो आणि तळाशी पोहोचल्यावर पुन्हा वर जातो. या परतीच्या क्षणी पडदा काळा ठेवलेला असतो. सिग्नल चालूच असतो, पण त्यातल्या रेघांवर चित्र नसते. चित्र बिघडलेल्या संचावर वर-खाली सरकणारी जाड काळी पट्टी दिसे, ती हीच. या रिकाम्या रेघांपैकी चित्राला लागून असलेली शेवटची रेघ एकविसावी. १९७६ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ती कॅप्शनसाठी राखून ठेवली. प्रत्येक चित्रामागे तिच्यावर फक्त दोन अक्षरे मावतात. सेकंदाला सुमारे तीस चित्रे, म्हणजे साठ अक्षरे. बोलण्याच्या वेगाला तेवढी पुरतात. पडद्यावर ३२ अक्षरांच्या १५ ओळी आखलेल्या असतात. सुरुवातीच्या उपकरणांना इंग्रजीतल्या छोट्या अक्षरांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्या नीट काढता येत नसत, म्हणून सगळा मजकूर मोठ्या लिपीत लिहिण्याचा प्रघात पडला आणि कारण संपल्यावरही वर्षानुवर्षे टिकला. इतक्या काटकसरीच्या संकेतसंचातही गाण्याच्या खुणेसाठी एक स्वरचिन्ह राखलेले होते.

पीबीएस या सार्वजनिक जाळ्याच्या अभियंत्यांनी कॅप्शन लिहिण्याची, सिग्नलमध्ये घालण्याची आणि बाहेर काढण्याची यंत्रे तयार केली. १९७९ मध्ये नॅशनल कॅप्शनिंग इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली आणि १६ मार्च १९८० पासून एबीसी, एनबीसी व पीबीएसवर क्लोज्ड कॅप्शन नियमित सुरू झाली. सीबीएस ही वाहिनी टेलिटेक्स्ट या, सिग्नलमधून मजकुराची पाने पाठवणाऱ्या, स्वतःच्या पद्धतीवर अडून राहिली. कर्णबधिरांच्या निदर्शनांनंतर १९८४ मध्ये तीही एकविसाव्या रेघेवर आली. ब्रिटनने मात्र टेलिटेक्स्टचीच वाट धरली. तिथे कॅप्शन हवी असतील तर रिमोटवर ८८८ दाबायचे, हे घराघरांत पाठ झाले.

अमेरिकेत अडचण उपकरणाची होती. सिअर्सच्या दुकानांत मिळणाऱ्या डबीला सुमारे २५० डॉलर पडत. डब्या कमी खपतात म्हणून वाहिन्या हात आखडता घेत, आणि कार्यक्रम कमी म्हणून लोक डबी घेत नसत. दहा वर्षे हा गुंता सुटला नाही. तो कायद्याने सोडवला: १९९० च्या ‘टेलिव्हिजन डिकोडर सर्किट्री ॲक्ट’नुसार १ जुलै १९९३ नंतर अमेरिकेसाठी बनणाऱ्या, १३ इंच वा त्याहून मोठा पडदा असलेल्या प्रत्येक संचात ही सोय आतच असणे बंधनकारक झाले. वेगळी डबी गेली आणि गोंगाटाच्या उपाहारगृहांत, व्यायामशाळांत, विमानतळांवर ऐकू येणारी माणसेही कॅप्शन वाचू लागली. ज्यांच्या त्रासाच्या भीतीने मजकूर दडवला होता, त्यांनीच बटण दाबून तो बाहेर काढला.

आधीच तयार कार्यक्रमाचे कॅप्शन करणे हे सावकाशीचे काम आहे. प्रत्येक वाक्य कधी उमटायचे आणि कधी पुसायचे ती वेळ ठरवावी लागते, ओळ अर्थाच्या सांध्यावर तोडावी लागते, दोघे बोलत असतील तर मजकूर ज्याच्या त्याच्या बाजूला ठेवावा लागतो. सुरुवातीला वाचनाच्या वेगाला जमावे म्हणून वाक्ये छाटून सोपी केली जात. इतरांना जे ऐकू येते ते शब्दशः आपल्यालाही मिळावे, असा कर्णबधिर प्रेक्षकांचा आग्रह होता आणि पुढे तोच प्रमाण मानला गेला. कोणता आवाज लिहायचा आणि कोणता सोडायचा, यात मात्र आजही लिहिणाऱ्याची जाण लागते. दूरवर भुंकणारे कुत्रे बहुतेक वेळा सोडून द्यावे. रहस्यपटात चोर कुंपण चढत असेल तर नाही.

थेट प्रक्षेपणाला ही सवड नसते. तिथे न्यायालयातले लघुलेखक कामी आले. त्यांचे स्टेनोटाइप यंत्र एकेक अक्षर टंकत नाही. हार्मोनियमवर सूर धरावेत तशा अनेक कळा एकदम दाबून शब्दाचा उच्चार नोंदवते. संगणक शब्दसंग्रहातून त्या उच्चाराचा शब्द शोधतो. निष्णात लघुलेखक मिनिटाला सव्वादोनशे शब्दांपर्यंत जातो. १९८२ च्या ऑस्कर सोहळ्यात ही पद्धत वापरली गेली आणि त्याच वर्षी एबीसीच्या बातम्यांना थेट कॅप्शन मिळाली. पाच तासांची वाट संपली. या मजकुराच्या ओळी खालून वर सरकतात आणि दोन-तीन सेकंद मागे असतात. सारख्या उच्चाराचा चुकीचा शब्द निवडला जाणे हा यातला नेहमीचा दोष.

इंटरनेटवर चित्रफिती आल्या तेव्हा एकविसावी रेघ निरुपयोगी ठरली, कारण तिथे चित्र रेघांनी बनत नाही. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये गेला: अनुक्रमांक, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, खाली वाक्य. एसआरटी नावाने ओळखली जाणारी ही मांडणी साध्या टिपणवहीतही लिहिता येते. सुरुवातीच्या वर्षांत टीव्हीवर कॅप्शन असलेला कार्यक्रम संकेतस्थळावर चढताना ती गाळून येई. २०१० च्या अमेरिकी कायद्याने ही पळवाट बंद केली. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सवर दावा लावला. २०१२ च्या तडजोडीत कंपनीने २०१४ पर्यंत सर्व चित्रफितींना कॅप्शन देण्याचे मान्य केले. २००९ मध्ये यूट्यूबवर यंत्राने आपोआप बनवलेली कॅप्शन आली. त्या कामात केन हॅरेनस्टीन हा गूगलमधला कर्णबधिर अभियंता पुढे होता.

एकविसाव्या रेघेच्या संकेतसंचात देवनागरी कधीच नव्हती. मराठी कॅप्शन झाकून पाठवणे सहज शक्य झाले ते युनिकोड आणि डिजिटल प्रक्षेपणामुळे. तरी ओळीची लांबी अक्षरे मोजून ठरवणारी साधने मात्रा आणि जोडाक्षरांपाशी अडखळतात, कारण पडद्यावर एक दिसणारे ‘स्त्री’ संगणक सहा चिन्हे म्हणून मोजतो. भारतात ओपन मजकुराचा मोठा प्रयोग साक्षरतेसाठी झाला. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये गाण्यांचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर देण्याची कल्पना मांडली. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त ती आली, पुढे झी टॉकीजवरच्या मराठी चित्रपटांनाही हीच जोड देण्यात आली. कर्णबधिरांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांकरिता मानके काढली ती सप्टेंबर २०१९ मध्ये. कॅप्शन किंवा सांकेतिक भाषा यांपैकी कोणताही मार्ग त्यांत चालतो. थेट बातम्या, क्रीडा सामने आणि चर्चा मात्र त्यांतून वगळल्या आहेत.