सायलेन्सरच्या पोटातली लाट

स्वारगेटच्या चौकाखाली आता मेट्रोचे स्थानक आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ते सुरू झाले. पण १९९० च्या सुमारास ज्यांनी या चौकात एसटीची किंवा पीएमटीची वाट पाहिली असेल, त्यांना तिथला एक आवाज आणि एक वास नक्की आठवत असेल. सिग्नल सुटला की स्कूटर आणि रिक्षांचा एकदम फटफटाट होई आणि मागे जळक्या तेलाचा निळसर धूर रेंगाळत राही.

त्याच काळात, कॉलेजात असताना, आमच्यापैकी एकाने वडिलांच्या स्कूटरवर एक प्रयोग केला. ‘धुराची वाट मोकळी केली की गाडी पळते’ हे ज्ञान त्याने चौकात ऐकले होते. घरच्या अंगणात त्याने सायलेन्सर उतरवला, पत्रा कापून आतले पडदे काढून टाकले, वेल्डिंग करून आणले आणि पुन्हा बसवला. गाडी वाघासारखी गुरगुरू लागली! पण मित्राला मागे बसवून कात्रजचा घाट चढताना एरवी तिसऱ्या गिअरवर जाणारी गाडी दुसऱ्यावर आली. पेट्रोलही जास्त लागू लागले. आवाज वाढला आणि जोर मात्र घटला. असे का व्हावे?

विसळण्याचा प्रश्न

त्या काळातल्या स्कूटर आणि रिक्षा बहुतेक टू-स्ट्रोक होत्या. या इंजिनात झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. पिस्टन खाली येताना आधी धूर जाण्याची खिडकी उघडते, मग ताजे मिश्रण येण्याची. ताजे मिश्रण आत शिरते आणि जळलेल्या वायूला बाहेर ढकलते. पिस्टन वर जाताना मात्र क्रम उलटा होतो. ताज्या मिश्रणाची खिडकी आधी बंद होते, धुराची नंतर. या मधल्या क्षणात काही ताजे मिश्रण न जळताच निसटते. भांडे विसळताना थोडे चांगले पाणीही वाहून जावे, तसेच हे. साध्या इंजिनात मिश्रणाचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असा वाया जाई. चौकातल्या वासाचे एक कारण हेच होते.

हे निसटणारे मिश्रण परत आत कोण ढकलणार? तिथे हलता भाग बसवायला जागाच नाही. उत्तर मिळाले ते नळीच्या आकारात.

त्सोपाऊची युक्ती

पूर्व जर्मनीत त्सोपाऊ नावाचे एक लहानसे गाव होते. युद्धापूर्वी डीकेडब्ल्यू कंपनीच्या मोटारसायकली तिथे बनत. युद्धानंतर त्याच कारखान्यातून एमझेड या नावाच्या गाड्या निघू लागल्या. शर्यतीच्या गाड्यांचे काम वाल्टर काडेन या अभियंत्याकडे होते. पैसा आणि सामग्री बेताचीच. नळीचा उपयोग करून घेण्याची कल्पना काही त्यांची एकट्याची नव्हती, पण ती चिकाटीने तडीस नेली त्यांनी. नळीतील दाबाचे चढउतार त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिले आणि त्यानुसार नळीला आकार दिला.

धुराची खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. वाटेत नळी रुंद होत गेली तर तिथून ओढ घेणारी, म्हणजे कमी दाबाची लाट परत येते, आणि ती सिलिंडरमधला धूर ओढून काढते. पुढे नळी अरुंद होत गेली तर तिथून जास्त दाबाची लाट परतते. ती खिडकी बंद होण्याच्या आत पोहोचली तर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणून ही नळी मध्ये फुगलेली आणि दोन्हीकडे निमुळती असते. तिला ‘एक्स्पान्शन चेंबर’ म्हणतात. वाट नुसती मोकळी करून हे साधत नाही. वाट योग्य जागी अडवावीही लागते.

१९६१ पर्यंत काडेन यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीनंतर त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर देश सोडून पळाला आणि जपानच्या सुझुकी कंपनीला मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले, तेही डेगनरच्याच हातून. जपानी टू-स्ट्रोक गाड्या नंतर जगभर गेल्या. आपल्याकडे १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली.

हिशोब करून पाहू

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. धुराची खिडकी त्यातला १६० अंशांचा भाग, म्हणजे सुमारे ४.४ मिलिसेकंद उघडी असते असे धरू. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटर मानला, तर तेवढ्या वेळात ती २.२ मीटर जाते. जाऊन परत यायचे म्हणून अडवणारा भाग सुमारे १.१ मीटरवर हवा. फेरे ४००० वर आले की हेच अंतर १.६५ मीटर होते. म्हणजे एक नळी सगळ्या वेगांना सारखी लाभत नाही. शर्यतीची नळी लावलेली गाडी स्वारगेटच्या गर्दीत रडतखडत चालते ती म्हणूनच.

मोटारींचेही तसेच आहे. चार सिलिंडरचा धूर एका आखूड बिडाच्या नळीत सोडला तर एकाची लाट दुसऱ्याला आडवी येते. स्पोर्ट्स कारचे शौकीन त्याऐवजी ‘हेडर’ बसवतात. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळी, ठरावीक लांबीची नळी असते. पण घरच्या घरी बसवताना सांध्यात फट राहिली, तर तिथून हवा आत ओढली जाते. मग ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो आणि संगणक गरज नसताना जास्त पेट्रोल सोडतो. नळीबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकला, तर विषारी वायू तसेच बाहेर पडतात.

गंमत अशी, की १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सरचे वर्णन करताना आवाज कमी करण्याचे साधन म्हणून एक्स्पान्शन चेंबरचाच उल्लेख आहे. शर्यतीत जोर वाढवणारे तत्त्व रस्त्यावर आवाज शमवते, कारण दोन्हीकडे काम लाटांशीच आहे. या आवाजाची आणि धुराची तपासणी होते तीही पुण्यातच, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत.

धुराचे नियम कडक होत गेले तसे टू-स्ट्रोक इंजिन चौकातून हटले. रिक्षा सीएनजीवर गेल्या. पण ‘वाट मोकळी’ करण्याची हौस टिकून आहे. अनेक शहरांत पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात. मुलांना दंडाची भीती घालण्यापेक्षा लाटेची ओळख करून दिली, तर ती अधिक टिकेल असे आम्हाला वाटते.

वर्गात करून पाहा

एक मीटर लांबीची पीव्हीसी नळी घ्या. तिच्या तोंडावर रबरी चपलेने फटका मारून चप्पल लगेच उचला. मग पुन्हा फटका मारून चप्पल तशीच दाबून धरा. दुसऱ्या वेळी स्वर खाली जातो, जवळजवळ एक सप्तक. नळी तीच, हवा तीच. बदलले ते फक्त टोक. उघड्या आणि बंद टोकाकडून लाट वेगवेगळ्या प्रकारे परत फिरते.

मग मुलांना एक प्रश्न द्या. थंडीच्या सकाळी गाडी नुकतीच सुरू केली आहे. नळीतला वायू अजून पुरता तापलेला नाही, म्हणून लाटेचा वेग कमी आहे. अशा वेळी १.१ मीटरवरून परतणारी लाट वेळेवर पोहोचेल का?