भाग 23: कार्ड बंद झालं, पण कारण कोणी सांगितलंच नाही

आजची गोष्ट माझ्या घरातून सुरू होते. गाव रिसोड, जिल्हा वाशिम. ऑक्टोबर 2016. सोयाबीन निघालेलं, दिवाळी तोंडावर. माझ्या बाबांचं कृषी केंद्र आहे. ते एटीएमवर गेले, तर कार्ड चालेना. शाखेत विचारलं तर उत्तर आलं, "वरूनच बंद झालंय, नवीन येईल." बाबा म्हणाले, "अहो, पण काहून बंद केलं ते तं सांगा!" ते कोणालाच सांगता आलं नाही.

कारण आम्हाला टीव्हीवर कळलं. देशभरातल्या जवळपास 32 लाख डेबिट कार्डांची माहिती चोरांच्या हाती लागल्याची भीती होती. एटीएमचे व्यवहार सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या सिस्टीममध्ये मालवेअर शिरलं होतं. ते शिरलं 2016 च्या मध्यात, लोकांना कळलं ऑक्टोबरमध्ये, आणि कंपनीने जाहीरपणे मान्य केलं फेब्रुवारी 2017 मध्ये. एनपीसीआयने सांगितलेला आकडा होता 641 ग्राहक आणि सुमारे 1.3 कोटी रुपये. म्हणजे बहुतेकांचा एक रुपयाही गेला नव्हता. आमचाही नाही.

पण 8 नोव्हेंबरला नोटबंदी झाली. नवीन कार्ड अजून आलं नव्हतं. बाबा पासबुक घेऊन रांगेत उभे राहिले. तेव्हापासून ते त्या खात्यात कामापुरतेच पैसे ठेवतात.

आता दुसरी गोष्ट, पुण्याची. कॉसमॉस बँक, स्थापना 1906. शनिवार, 11 ऑगस्ट 2018.

आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन एका 'स्विच'ला विचारतं आणि स्विच बँकेला विचारतो, "याच्या खात्यात पैसे आहेत का?" चोरांनी मध्येच आपला बनावट स्विच बसवला. तो बँकेला विचारायचाच नाही, सरळ "हो, द्या" म्हणायचा. नकली कार्डं घेऊन माणसं 28 देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत सुमारे 80 कोटी गेले. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्टमधून आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण 94 कोटींच्या वर.

एवढा मोठा दरोडा पडूनही खातेदारांची शिल्लक कमी झाली नाही, कारण खात्याला कोणी विचारलंच नव्हतं. बँकेने पोलिसांत तक्रार दिली, एटीएम आणि नेट बँकिंग काही दिवस बंद ठेवलं. अध्यक्ष मिलिंद काळे यांनी पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की नुकसान बँकेचं आहे, ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. त्याच वर्षी मुंबईची मराठा सहकारी बँक कॉसमॉसमध्ये विलीन झाली. बँक टिकली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एकच दिसतं. विश्वास किती पैसे गेले यावर मोडत नाही. आपल्याला कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं, यावर मोडतो.

आता नियमही तेच म्हणतात. आरबीआयच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं. चूक ना तुमची ना बँकेची, सिस्टीममध्ये तिसरीकडेच असेल, आणि बँकेकडून कळल्यापासून 3 कामाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तुमचं नुकसान शून्य. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते बँकेच्या मेसेजपासून! 2023 चा डेटा संरक्षण कायदा तर म्हणतो की माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवा, नाहीतर 200 कोटींपर्यंत दंड. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय.

एक कबुली देतो. माझ्या जुन्या कंपनीत ग्राहकांची एक यादी काही दिवस इंटरनेटवर उघडी राहिली होती. "कुणाच्या लक्षात आलं नाही, तर कशाला कळवायचं?" असं मीटिंगमध्ये ठरलं. मी गप्प बसलो. त्या यादीत असेच कुणाचे तरी बाबा असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बाबांच्या दुकानात उधारीची वही आहे. एकाचं पान दुसऱ्याला कधी दिसत नाही. एकदा वही पावसात भिजली, तेव्हा बाबा स्वतः घरोघरी जाऊन सांगून आले. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

तुमच्या बँकेत तुमचा चालू मोबाईल नंबर आहे ना, ते आज तपासा. भेटू पुढच्या भागात!