हेमलकशापासून भूकंप किती दूर?

४ डिसेंबर २०२४, सकाळी ७ वाजून २७ मिनिटे. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हादरली. थोड्याच वेळात राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने ठिकाण जाहीर केले: गोदावरीपलीकडचा, तेलंगणातील मुलुगू जिल्हा; रिश्टर ५.३, खोली ४० किलोमीटर. जमिनीखालचे हे ठिकाण इतक्या लवकर कळले कसे?

त्यासाठी १८९७ सालात जावे लागते. १२ जून रोजी शिलाँग-आसामचा महाभूकंप झाला. त्याचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. दूर युरोपात उमटलेले भूकंपलेख तपासताना त्यांना एकाच धक्क्याच्या लहरी वेगवेगळ्या वेळी पोहोचलेल्या दिसल्या. आधी येते ती खडक दाबत-ताणत धावणारी प्राथमिक लहर. मागाहून, खडक आडवा हलवणारी दुय्यम लहर.

वीज आधी चमकते, गडगडाट नंतर ऐकू येतो आणि मधल्या वेळेवरून ती किती लांब पडली हे ताडता येते. येथेही तेच. भूकवचात पहिली लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, दुसरी साडेतीन. हेमलकसा मुलुगूच्या त्या केंद्रापासून सुमारे ११० किलोमीटर. खोलीही हिशेबात धरली, तर हेमलकशात ठेवलेल्या भूकंपमापकावर दोन लहरींमध्ये साधारण १४ सेकंद गेले असते.

मात्र या फरकावरून अंतर कळते, दिशा नाही. म्हणून नकाशावर त्या अंतराचे वर्तुळ काढायचे. तीन ठिकाणांची वर्तुळे जिथे मिळतात, तिथे अपिकेंद्र. खरे तर ती एका बिंदूत नेमकी मिळत नाहीतच, कारण धक्का पृष्ठभागावर नव्हे, खाली बसलेला असतो; खोलीचा माग या विसंगतीतूनही लागतो. हे सारे घड्याळावर अवलंबून. एका सेकंदाची चूक म्हणजे कित्येक किलोमीटरांची चूक.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कंपनाच्या उंचीतून अंतराचा परिणाम वगळून मोजपट्टी बनवली. तिच्यावर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते.

पण हा आकडा विध्वंस सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप सुमारे ६.२ चा, म्हणजे मुलुगूच्या वीसेक पट ऊर्जेचा. शिवाय नाभी दहा किलोमीटरच्या आत, दगडमातीच्या जाड भिंती आणि विसर्जन आटोपून झोपलेली गावे. सुमारे दहा हजार माणसे गेली. मुलुगूचा धक्का नागपूर-हैदराबादपर्यंत जाणवला. परंतु ४० किलोमीटर खडकातून वर येईतो त्याचा जोर ओसरला होता.